विल्फ हॉलवर्थचा अंगठा

तलावाच्या भिंतीपाशी विल्फ थांबला, तेव्हा सुमतीला वाटलं, झालं, आजही इथूनच माघारी. मागच्या दोन्ही रविवारी हेच झालं होतं. चॅपलची प्रार्थना आणि दुपारचं जेवण उरकून दोघं थॉर्नक्लफमधून निघायची, बंद पडलेल्या गिरण्यांच्या मागचा चढ चढून माळावर यायची, आणि गावाला पाणी पुरवणारा हा तलाव आला की विल्फ काठी भिंतीला टेकवून म्हणायचा, "वारा फार आहे पोरी. पुढच्या रविवारी बघू." वारा दोन्ही वेळा बेताचाच होता.

सुमती त्याची शेजारीण; हे लिहिणारी तीच. गावातल्या इस्पितळात फिजिओथेरपी खात्यात ती वीस वर्षं मदतनीस आहे, आणि विल्फ फुटबॉल क्लबात खेळाडूंच्या दुखापती बघायला जाण्याआधी सकाळचे तीन तास तिथंच पेशंट बघायचा. त्याचे हात तिनं रोज पाहिले होते. दुखऱ्या सांध्यावर तो हात ठेवायचा तो एखादी बाई तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवते तसा, आणि मग अंगठा हळूच फिरवत जागा शोधायचा. त्याचा अंगठा चुकत नाही, असं डॉक्टरसुद्धा म्हणायचे.

आता विल्फ बहात्तरचा, पाठीमागे कोणी नाही. बायको एडना चार वर्षांपूर्वी गेली. आज त्यानं काठी भिंतीला टेकवली नाही. नुसता उभा राहिला, माळाच्या पलीकडच्या उतारावर हेसलडेनची छपरं दिसत होती तिकडे बघत. तिथं क्लबचा जुना खेळाडू रॉनी शोरॉक राहत होता. अजून दोन मैल होते.

"शनिवारी काय आहे, माहीत आहे ना?" त्यानं विचारलं.

माहीत नसायला काय झालं? अख्ख्या गल्लीला माहीत होतं. शनिवारी सामन्याआधी मैदानाच्या मधोमध विल्फचा सत्कार होता. क्लबनं जखमी खेळाडूंसाठी नवी खोली बांधली होती आणि तिला विल्फचं नाव द्यायचं ठरलं होतं. पितळी पाटी तयार होती. ती त्याच्या हातात देणार होता रॉनी शोरॉक, आणि स्थानिक पेपरात विल्फबद्दल जे छापून आलं तेही रॉनीचेच शब्द होते: या माणसानं खेळाडूच्या शरीराशी कधी खोटेपणा केला नाही.

"मला रॉनीला त्याआधी एक सांगायचंय," विल्फ म्हणाला. "ती पाटी एकदा त्याच्या हातून घेतली, की मग माझ्याच्यानं सांगणं होणार नाही. मरेपर्यंत नाही."

आणि त्यानं तलाव ओलांडला.

जे सांगायचं होतं ते त्यानं चालता चालता आधी सुमतीला सांगितलं. तुकड्या तुकड्यानं, दम घ्यायला थांबत, कधी मागचं पुढे करून. इथं ते सलग लिहिलं आहे.

विल्फचा बाप गिरणीत सूत कातायचा. विल्फ एकविसाव्या वर्षी थॉर्नक्लफ टाउनकडून खेळायला लागला, मधल्या फळीत, उजवीकडे. मोठा खेळाडू नव्हता, पण पळायला कंटाळायचा नाही. सात हंगाम खेळला. १९५३च्या फेब्रुवारीत गोठलेल्या मैदानावर त्याचा पाय अडकला आणि अंग फिरलं. गुडघ्यातून आवाज आला तो त्याला स्वतःला ऐकू आला.

त्या काळी बदली खेळाडू नसायचा. अकरा जण उतरले की अकरांनीच निभवायचं. कोणी पडला तर ट्रेनर बादली आणि स्पंज घेऊन धावत यायचा, थंड पाणी पिळायचा, आणि मग मॅनेजरकडे वळून खूण करायचा. अंगठा वर म्हणजे उठतोय, खेळेल. जो अगदीच लंगडायचा त्याला कडेला नेऊन उभा करायचे, निदान समोरच्याला एक माणूस त्याच्यावर ठेवावा लागेल म्हणून. तेव्हाचा ट्रेनर सेथ ऑर्मरॉड. त्यानं विल्फच्या गुडघ्यावर पाणी पिळलं, एकदा दाबून पाहिलं, आणि अंगठा वर केला. विल्फ पन्नास मिनिटं कडेला लंगडत राहिला. शल्यचिकित्सकानं नंतर गुडघा उघडला तेव्हा आत दुरुस्त करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

सेथ पुढे बारा वर्षं जगला. एकाच गल्लीत, एकाच चॅपलमध्ये. विल्फ वाट बघत राहिला की हा म्हातारा कधीतरी म्हणेल, पोरा, मला कळलं होतं. सेथ भेटला की हवेबद्दल बोलायचा.

पायाला थोडं बळ आल्यावर विल्फनं बसवर कंडक्टरी केली, संध्याकाळी शरीरशास्त्राचे वर्ग केले, आणि तीन उन्हाळे फुटबॉलवाल्यांचा जखमांवरचा अभ्यासक्रम केला. गिरणीवाल्याच्या पोरानं हाडांची लॅटिन नावं पाठ करावीत याची बसच्या डेपोत भरपूर चेष्टा झाली. उतारूंना तिकिटाऐवजी मालिश देतोस का, म्हणून विचारायचे. १९५९ साली तो क्लबकडे परतला, सेथच्याच जागेवर, त्याच बादलीसकट. पहिल्या दिवशी त्यानं मनाशी एक ठरवलं आणि एडनाला सांगितलं: खरं असल्याशिवाय माझा अंगठा वर जाणार नाही.

पंधरा वर्षं त्यानं ते पाळलं. मॅनेजर आले, गेले. विल्फवर ओरडले, त्याला भित्रा म्हणाले. विल्फ मान हलवायचा आणि पोराला खांद्याचा आधार देऊन बाहेर आणायचा. त्यामुळे खेळाडू त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवायचे. रॉनी शोरॉक तर जास्तच. बचावातला उंच पोरगा, बाविशीचा, सगळं गाव म्हणायचं की दोन वर्षांत हा मोठ्या क्लबात जाणार.

मग १९७४चा एप्रिल आला, हंगामाचा शेवटचा सामना.

थॉर्नक्लफ टाउन तेव्हा लीगच्या सगळ्यात खालच्या विभागात, आणि तिथंही तळाला. शेवटच्या चार क्लबांना दरवर्षी बाकीच्यांपुढे हात पसरावे लागत: आम्हाला राहू द्या, मत द्या. थॉर्नक्लफनं लागोपाठ दोन वर्षं असे हात पसरले होते. तिसऱ्यांदा आलात तर मत मिळणार नाही, हे त्यांच्या तोंडावर सांगितलं गेलं होतं. म्हणजे तो सामना जिंकला नाही तर क्लब लीगमधून बाहेर. गिरण्या एकेक बंद पडत होत्या. गावाचं नाव पेपरात यायचं ते शनिवारच्या निकालांत तेवढं.

तोवर एक बदली खेळाडू घेता येऊ लागला होता. थॉर्नक्लफनं तो पहिल्या अर्ध्यातच वापरून टाकला. पासष्टाव्या मिनिटाला एका गोलानं पुढे असताना रॉनी उडी मारून खाली आला आणि त्याचा गुडघा आत वळला.

पंचानं खूण केली. विल्फ बादली घेऊन धावला. गुडघे टेकले, एका हातानं घोटा धरला, दुसऱ्या हाताचा अंगठा सांध्याच्या आतल्या बाजूला ठेवला आणि पाय हलकेच बाहेर ओढला. सांधा उघडला. अंगठ्याचं टोक आत जाईल एवढा.

"फारसं दुखत नाहीये, विल्फ," रॉनी म्हणाला. "ठीक आहे ना?"

सांध्याला बांधणारं लिगामेंट अर्धं फाटलं तर माणूस बोंबलतो. पूर्ण तुटलं तर दुखायला तिथं ताणलेलं काही उरतच नाही. हे त्या मैदानावर एकट्या विल्फला माहीत होतं.

त्यानं मान वर केली. बाकाजवळ मॅनेजर ब्राउनलो उभा होता. उंच, पडक्या खांद्यांचा, नाकासमोर चालणारा माणूस. त्यानं तळहात वर धरला होता: बाहेर काढू का? दहा जणांनी खेळू का? ओरडत नव्हता. विल्फवर सोपवून मोकळा झाला होता. त्याच्या मागं लाकडी स्टँडमध्ये सगळं गाव उभं होतं, आणि एवढी माणसं असून आवाज नव्हता. सगळे विल्फच्या हाताकडे बघत होते.

"थोडा मुरगळलाय," विल्फ रॉनीला म्हणाला. "पळू नकोस. उभा राहा आणि डोक्यानं मार."

आणि त्यानं अंगठा वर केला.

स्टँडमधून जो आवाज उठला तो त्याला अजून ऐकू येतो, असं विल्फ माळावर म्हणाला.

रॉनी बावीस मिनिटं उभा राहिला. गोलात जाणारे दोन चेंडू त्यानं डोक्यानं परतवले. शेवटच्या मिनिटांत समोरचा त्याच्यावर येऊन आदळला आणि तो गुडघा असा वळला की पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोंडं फिरवली. सामना जिंकला. क्लब राहिला. रॉनी पुन्हा खेळला नाही.

गावानं दोष ब्राउनलोला दिला. त्यानंच जखमी पोराला जबरदस्तीनं ठेवलं, विल्फ बिचारा काय करणार. असं आधी कोण बोललं कोणास ठाऊक. आठवड्याभरात सगळे तेच बोलत होते. ब्राउनलो गप्प राहिला. ट्रेनरच्या अंगठ्याआड लपणारा मॅनेजर त्या मुलखात पुन्हा तोंड दाखवू शकत नाही. ब्राउनलो त्याच मुलखातला होता, त्याला हे ठाऊक होतं. उन्हाळ्यात त्याला काढलं. आणि विल्फही गप्प राहिला. आज बोलू, उद्या बोलू, आधी पोराचं ऑपरेशन होऊ दे, मग पोराचं लग्न होऊ दे. तेवीस वर्षं झाली.

"एडनाला सांगितलं होतं?" सुमतीनं विचारलं.

"एडना स्टँडमध्ये होती. तिनं माझं तोंड पाहिलं होतं. घरी आल्यावर तिनं जेवण वाढलं आणि मी जेवलो नाही. तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

उतार सुरू झाला होता आणि उतारावर विल्फचा गुडघा जास्त त्रास द्यायचा. सुमती मनातल्या मनात रोजचं स्तोत्र म्हणत त्याच्या उजव्या बाजूनं चालत राहिली, सावरावं लागलंच तर हात जवळ असावा म्हणून.

हेसलडेनच्या कडेला नगरपालिकेनं लोकांना भाजीसाठी जमिनीचे तुकडे दिले आहेत. रविवारी दुपारी रॉनी तिथंच असतो, हे विल्फला माहीत होतं. तो एका शाळेत शिपाई होता, आठवडाभर जिन्यांवरून चढउतार करायचा आणि सुट्टीच्या दिवशी कांदे लावायचा. लांबून दिसला. डावा पाय सरळच ठेवून वाकायची त्याची एक पद्धत होती, तसा वाकलेला.

"अरे, हे बघा कोण आलंय," रॉनी ओरडला. "हेसलडेनपर्यंत चालत? त्या गुडघ्यानं? भंगारवाल्यानं अजून नेला नाही का तो? शनिवारी आपण दोघं मैदानात लंगडत जाऊ ना, तेव्हा लोकांना वाटेल क्लबनं नवी भरती केली."

त्यानं सुमतीसाठी बादली पालथी घालून दिली, विल्फला शेडमधली मोडकी खुर्ची दिली, स्टोव्हवर चहा ठेवला. बोलत राहिला. बायकोनं शनिवारसाठी नवा कोट घ्यायला लावला होता. भाषण पाठ होतं. बायको म्हणत होती, ब्राउनलोचं नाव घेऊ नकोस, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.

"पण मी घेणार," रॉनी म्हणाला. "तो कसला होता हे सांगितल्याशिवाय तू कसला आहेस ते पोरांना कळायचं कसं?"

विल्फनं कप खाली मातीत ठेवला.

"रॉनी, ब्राउनलोनं मला काही सांगितलं नव्हतं."

"मग खुणेनं सांगितलं असेल. लांबून."

"नाही. त्यानं हात वर केला होता. तुला काढू का म्हणून विचारत होता. अंगठा मी वर केला."

रॉनी हसला. "हो, पण तुला वाटलं थोडंच लागलंय. तुझी चूक झाली. मग काय? एकदा चुकतो माणूस."

सुटकेचं दार उघडंच होतं. विल्फनं नुसती मान डोलवली असती तर सगळं तिथंच मिटलं असतं. रॉनीनं खांद्यावर थाप मारली असती, आणि शनिवारी पाटीही मिळाली असती. विल्फलाही ते दिसलं. ती पायवाट त्याला इतकी स्पष्ट दिसली की त्याचे ओठ हलले.

"चूक झाली नाही," तो म्हणाला. "सांधा उघडला होता. इथं, या अंगठ्याखाली. आणि तू म्हणालास फारसं दुखत नाही, तेव्हा पक्कं कळलं. मला माहीत होतं, रॉनी. माहीत असून केलं."

शेजारच्या तुकड्यात कोणीतरी कुदळ चालवत होतं. रॉनी हातातल्या कांद्याची माती अंगठ्यानं काढत राहिला. सगळी निघाली तरी काढत राहिला.

"तेव्हाच बाहेर काढलं असतंस तर?"

"शिवता आलं असतं. पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या हंगामात खेळला असतास. शपथेवर नाही सांगत. पण बहुतेक."

"बहुतेक," रॉनी म्हणाला.

तो उठला. उठताना डाव्या पायावर भार नीट आला नाही, आणि विल्फची नजर सवयीनं तिकडे गेली. आयुष्यभर तेच केलेलं.

"गुडघ्याकडे बघू नकोस," रॉनी म्हणाला. आवाज चढवला नाही. "आज नको."

विल्फनं मान खाली घातली. क्लबला उद्या सकाळीच कळवतो, पाटी घेणार नाही, असं तो पुटपुटला. क्लबला काय सांगायचं ते तुझं तू बघ, शनिवारी मी तिथं नसेन, असं रॉनी म्हणाला. मग त्यानं स्टोव्ह बंद केला, शेडचं दार लावलं, पुन्हा उघडलं, विसरलेली कुदळ आत ठेवली. पाठमोराच बोलला.

"मी ब्राउनलोवर थुंकलो होतो, विल्फ. स्टेशनात. तो गाव सोडून चालला होता, बायको शेजारी उभी होती. हातात पिशव्या. मी कुबड्या घेऊन मुद्दाम गेलो होतो त्यासाठी. त्यानं काही म्हटलं नाही. तिनं रुमाल काढून त्याचा कोट पुसला."

विल्फला हे माहीत नव्हतं. तेवीस वर्षं तो रात्रंदिवस रॉनीच्या गुडघ्याचा विचार करत आला होता. ब्राउनलो त्याच्या हिशेबात फक्त एक वर धरलेला तळहात होता.

"माझं मी बघतो," रॉनी म्हणाला. "तू नाही म्हणाला असतास तरी कदाचित मी उठलोच असतो, बाविशीचा गाढव होतो. पण ब्राउनलोला कोणी विचारलंच नाही. त्याची बायको आहे अजून. क्लिटरबरोला बहिणीकडे राहते." मग सुमतीकडे वळून म्हणाला, "यांना घेऊन जा, बाई. चढ आहे, उजेड आहे तोवर जा."

त्यानं हात पुढे केला नाही. विल्फनंही केला नाही.

परतीच्या चढावर विल्फचा पाय दोनदा अडखळला, पण त्यानं सुमतीचा हात घेतला नाही. तलावापाशी पोचली तेव्हा ऊन कलून पाणी शिशासारखं दिसत होतं. विल्फ भिंतीवर बसला. उजवा हात मांडीवर होता, अंगठा मुठीत धरलेला. सुमतीनं थर्मास काढून उरलेला चहा ओतला. त्याचं मन हलकं झालं असेल असं तिला वाटलं होतं. तसं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. तिनं देवाशी मनात जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि ती वाट बघत बसली.

"सुमती," तो म्हणाला, "गुरुवारी तुला सुट्टी असते ना?"

असते, ती म्हणाली.

"क्लिटरबरोला बस जाते. पण बसचे थांबे फार, मी मध्येच कुठेतरी उतरून जाईन. मी ओळखतो मला. पायी अकरा मैल आहेत. सकाळी निघालो तर शनिवारच्या आत त्या बाईला सांगून होईल." तो कपात बघत होता. "माझ्याबरोबर चालशील का, पोरी? आणि वाटेत मी वाऱ्याचं काही बोलायला लागलो, तर ऐकू नकोस."